मोडलेली रांग

(यवतमाळला विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय. सनावळ्या आणि आकडे तेवढे पुन्हा तपासून घेतलेत.)



तुम्ही पत्रात विषय दिला, 'विद्यार्थी संघटना आणि सोशल मीडिया'. मी मॅट्रिक शिकलेला माणूस. मुंबईच्या गोदीत माल उचलतो आणि रात्री कविता लिहितो. फोनची बटणं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतात, ती मी शिकवणार नाही. मी एकच गोष्ट सांगायला आलोय. ह्या पडद्यानं तुमची रांग मोडली. ती रांग ह्याच पडद्यावरून परत बांधायची. संघटनेला फोनचा उपयोग एवढाच, आणि एवढा केला तरी फार झालं.

रांग म्हणजे काय ते आधी सांगतो.

१९४४ साली भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. मागणी त्यांची, भांडण त्यांचं. ही काही कुणाच्या खिशातली भीक नव्हे. आपल्या आज्या-पणज्यांनी पिढ्यान् पिढ्या फुकट राबून ह्या देशाला जे दिलं, त्याच्या व्याजाचा एक पैसा आहे तो. त्या पैशावर शिकून मास्तर झाले, कारकून झाले, डॉक्टर झाले, आणि तुम्ही इथं बसला आहात.

ह्या पैशासाठी आपली माणसं समाजकल्याणच्या ऑफिससमोर रांगेत उभी राहायची. ती रांग सुखाची होती असं मी म्हणणार नाही. उन्हात तास तास उभं राहायचं. आत साहेब तंबाखू मळतोय, कारकून म्हणतोय, "उद्या या". उद्या गेलं की, "साहेब दौऱ्यावर". बाप मजुरी बुडवून आलेला. मायच्या पदरात बांधलेली एसटीच्या तिकिटाची चिल्लर. तरी त्या रांगेत एक गोष्ट घडायची, आणि ती सरकारच्या हिशेबात नव्हती. पुसदचा पोरगा वणीच्या पोरीला विचारायचा, "तुहं कवापासून अडकलं?" ती सांगायची, आठ महिने. मागून दारव्ह्याचा म्हणायचा, माझंही आठच महिने. तिथं तिघांना कळायचं की आपला अर्ज चुकलेला नाही, आपलं नशीब फुटलेलं नाही, कुठंतरी वर कुणीतरी हात आखडून बसलंय. मग एकजण घोषणा द्यायचा. रांग वळायची आणि तिचा मोर्चा व्हायचा. आपल्या किती संघटना अशा रांगेत जन्मल्या, ते जुन्या लोकांना विचारा.

२०१७-१८ पासून महाराष्ट्रात महाडीबीटी आलं. पोर्टल. घरी बसून अर्ज करा, पैसे थेट खात्यात, मधला दलाल गेला, असं सांगितलं. दलाल गेला असेल तर चांगलंच झालं. पण दलालासोबत रांगही गेली. पहिल्याच वर्षी पोर्टल इतकं अडखळलं की पोरं रात्री दोन-दोनला उठून अर्ज भरत होती. आता झरी-जामणीच्या पोडावरची पोरगी टेकडीवर चढून नेटवर्क धरते, एकटी. उमरखेडचा पोरगा सेतूवाल्याला शंभर रुपये देऊन अर्ज भरतो, एकटा. पडद्यावर दोन शब्द येतात, 'पेंडिंग' नाही तर 'सेंड बॅक'. ते शब्द तो एकटा वाचतो. त्याला वाटतं, मीच काहीतरी चुकीचं भरलं. तो बापाला सांगत नाही, मित्राला सांगत नाही. लाजतो. लेकहो, ह्या व्यवस्थेनं आपल्याला हजारो वर्षं हेच शिकवलं की तुझ्या दुःखाला तूच कारण, मागच्या जन्मीचं पाप. आता तेच पोर्टलवर लिहून येतं, फक्त संस्कृतात येत नाही.

एका अर्जाला किती दारं आहेत बघा. पोरगा अर्ज भरतो. तो कॉलेजच्या कारकुनाच्या लॉगिनला जातो. मग प्राचार्याच्या. मग जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्ताच्या. मग पैसा सुटला तर आधार ज्या खात्याला जोडलंय त्या खात्यात जातो, आणि ते खातं कितीदा भलतंच निघतं. पासबुक एका बँकेचं, आधार मायच्या सांगण्यावरून कधीकाळी दुसऱ्याच बँकेत जोडलेलं, आणि ते खातं झोपलेलं. कॉलेज म्हणतं, आम्ही पुढे पाठवलं. ऑफिस म्हणतं, वरून निधी नाही. बँक म्हणते, आधार सीडिंग करा. प्रत्येक दाराशी पोरगा एकटा. एकट्याला सगळे हाकलू शकतात.

त्यात डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानं नवं सूत्र काढलं, साठ टक्के केंद्राचे, चाळीस टक्के राज्याचे. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात, आणि त्यातून फी विद्यार्थ्यानं कॉलेजात भरायची. कागदावर केवढं छान! पण राज्याचा वाटा आधी पडायचा, त्याच्यामागून केंद्राचा यायचा. तो येईपर्यंत परीक्षा येते, आणि कॉलेज विचारतं, फी कुठाय? म्हणजे पैसा सरकारनं अडवला आणि थकबाकीदार ठरला पोरगा. हॉल तिकिटासाठी हात जोडायचे कुणी? त्यानंच.

वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार आहे. २०१७ च्या शासन निर्णयात आपल्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३ हजार धरले: जेवणाला २५ हजार, राहण्याला १२ हजार, निर्वाहाला ६ हजार. महिन्याचा हिशेब करा, साडेतीन हजार पडतात. तेही वर्ष संपल्यावर आले, तर वर्षभर खायचं काय? खोलीवाला 'पेंडिंग' हा शब्द ऐकून घेतो का?

तुम्ही म्हणाल, हे सगळं आम्हाला माहीत आहे, संघटनेनं करायचं काय? सांगतो. पण संघटना म्हणजे कोण, हाही प्रश्न आहे. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं कॉलेजातल्या थेट निवडणुका बंद केल्या. मार्कांवर नेमणूक सुरू झाली. ज्याला मार्क जास्त तो आमचा प्रतिनिधी, मग त्यानं आयुष्यात कधी शिष्यवृत्तीचा अर्ज भरलेला नसला तरी. २०१६ च्या कायद्यानं निवडणुकांचं दार पुन्हा उघडलं. २०१९ ला तारखा ठरल्या आणि पुढे ढकलल्या गेल्या. दोन पिढ्या कॉलेजातून बाहेर पडल्या, मतपेटी न बघता. तेव्हा 'तुम्हाला कुणी निवडून दिलं?' असं साहेब विचारणारच. त्याला एकच उत्तर आहे, यादी. 'साहेब, जिल्ह्यातल्या इतक्या विद्यार्थ्यांचे पैसे इतक्या महिन्यांपासून इतक्या ठिकाणी अडकलेत, ही यादी, आणि त्या सगळ्यांनी आम्हाला पाठवलंय.' ही यादी हाच आपला जनादेश.

आमच्या गोदीत टॅली क्लार्क असतो. जहाजातून माल उतरतो, पोतं पोतं, कॉइल कॉइल, आणि हा वही घेऊन मोजतो. टॅलीत आलं तेवढाच माल. टॅलीत नाही ते उतरलंच नाही. टोळीची मजुरीसुद्धा टॅलीवर. आपल्या दुःखाची टॅली कुणी ठेवली नाही, म्हणून आपल्याला मजुरी मिळाली नाही.

मोजण्याची ताकद बघायची तर लांब जाऊ नका. बार्टीच्या फेलोशिपसाठी आपले संशोधक विद्यार्थी २०२३ साली आझाद मैदानावर बसले. सरकार मोजक्यांनाच देतो म्हणत होतं. ते म्हणाले, आम्ही ८६१ आहोत आणि ८६१ लाच पाहिजे. तो आकडाच त्यांची घोषणा झाली. फोनवर आकडा, फलकावर आकडा, मंत्र्याच्या निवेदनात आकडा. 'गुणवत्तेनुसार थोड्यांना' ही कात्री चालली नाही, कारण कापायचं कोणाला हे नावानिशी दिसत होतं. शेवटी ८६१ जणांना फेलोशिप मंजूर झाली. 'अनेक विद्यार्थी वंचित आहेत' असं म्हणत बसले असते तर अजून बसलेच असते.

आता आपल्या हातात जी माध्यमं आली त्यांच्याकडे वळतो.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढलं. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. 'केसरी'नं त्याची जाहिरात पैसे मोजूनही छापली नाही. म्हणजे आपण आहोत हे सांगायलासुद्धा त्यांच्या पानावर जागा नव्हती. १९२७ ला 'बहिष्कृत भारत' आलं, तेव्हा बाबासाहेब एकटे स्तंभच्या स्तंभ लिहून काढायचे. पुढे 'जनता', १९५६ ला 'प्रबुद्ध भारत'. आणि ह्या माणसानं छापखाना स्वतःचा उभा केला. का केला? दुसऱ्याच्या छापखान्यात आपली अक्षरं कधी वितळवतील त्याचा नेम नाही म्हणून. बुद्धभूषण छापखाना जिथं होता, ते दादरचं आंबेडकर भवन जून २०१६ मध्ये रातोरात पाडलं. हे दोन्ही ध्यानात ठेवा. जागा स्वतःची पाहिजे, आणि एक प्रत दुसरीकडेही पाहिजे.

कारण फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सॲप हे गोदाम दुसऱ्याचं आहे. माल आपला, कुलूप त्यांचं. ऑर्कुटवर आपल्या पोरांनी किती चर्चा केल्या होत्या. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. गेलं सगळं. टिकटॉकवर खेड्यातली, झोपडपट्टीतली आपली पोरं-पोरी पहिल्यांदा गाजली, लाखो लोकांनी बघितली. २९ जून २०२० ला सरकारनं बंदी घातली आणि सकाळी सगळं गायब. कुणाला दाखवायचं, कुणाला नाही, हे कंपनीचं यंत्र ठरवतं. त्या यंत्राला भांडण आवडतं, नाच आवडतो. शिष्यवृत्तीचा तक्ता आवडत नाही. म्हणून हाक मारायला त्यांची जागा वापरा, पण दप्तर तिथं ठेवू नका. संघटनेची स्वतःची साधी वेबसाइट करा. तिच्यावर रंगीबेरंगी काही नको. तारीख, आकडा, निवेदन, आलेलं उत्तर. फेसबुकवरची पोस्ट तीन दिवसांत खाली जाते. वेबसाइटवरचा कागद तीन वर्षांनी आलेल्या पोरालाही सापडतो. कॉलेजातलं पोरगं तीन वर्षांत निघून जातं आणि साहेब त्याचीच वाट बघत असतो. त्याला माहीत असतं, ही बॅच गेली की तक्रार गेली. दप्तर राहिलं तर तक्रार जात नाही.

आणि प्रस्थापितांची वर्तमानपत्रं? २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली. सुरेखा, प्रियंका, सुधीर, रोशन. सुरुवातीच्या बातम्या आठवा. चार ओळी, आणि त्यातही बाईच्या चारित्र्यावर चिखल. खरं काय ते आपल्या माणसांनी गावात जाऊन लिहून आणलं, पत्रकांतून, ई-मेलमधून फिरवलं. नोव्हेंबरात विदर्भ पेटून उठला. तेव्हा कुणाच्या खिशात आजच्यासारखा फोन नव्हता. पण गावात जाऊन विचारणारे पाय होते.

हैदराबादचं बघा. आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनच्या पाच विद्यार्थ्यांना वसतिगृहातून काढलं. त्यांनी काय केलं? जानेवारी २०१६ मध्ये विद्यापीठाच्या आवारातच उघड्यावर मुक्काम ठोकला, त्याला नाव दिलं 'वेलिवाडा'. तेलुगूत वेलिवाडा म्हणजे आपला महारवाडा, गावकुसाबाहेरची वस्ती. विद्यापीठाच्या मधोमध महारवाडा उभा केला आणि बाबासाहेबांचे, फुल्यांचे फोटो लावले. १७ जानेवारीला रोहित वेमुला गेला. त्याच्या चिठ्ठीत सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा हिशेब होता, एक लाख पंच्याहत्तर हजार. ती चिठ्ठी रातोरात देशभर पोरांच्या फोनमध्ये गेली आणि कॉलेजं बंद पडली. आधी वेलिवाडा होता, म्हणून ती चिठ्ठी एकट्या पोराची राहिली नाही. हे विसरू नका. पण हेही सांगतो, आपल्याला आता आणखी चिठ्ठ्या नकोत. पोरगा मेल्यावर हॅशटॅग करणारी संघटना नको. फेलोशिप पहिल्या महिन्यात थकली तेव्हाच विचारणारी पाहिजे. तुमच्या यादीत एखादं नाव सहा महिने 'पेंडिंग' दिसलं, तर आधी त्या पोराच्या खोलीवर जा. जेवला का विचारा. मग पोस्ट टाका.

मद्रासच्या आयआयटीत मे २०१५ मध्ये आंबेडकर-पेरियार स्टडी सर्कलची मान्यता काढून घेतली. कारण काय, तर कुणीतरी निनावी तक्रार केली. पोरांनी शिव्या देत बसण्याऐवजी कागद बाहेर काढला, मंत्रालयाचं पत्र, संस्थेचा ई-मेल. कागद देशभर फिरला. दोन-तीन आठवड्यांत, जूनमध्ये, मान्यता परत द्यावी लागली. वर दुसऱ्या संस्थांमध्ये त्याच नावाची मंडळं निघाली. एक बंद करायला गेले, दहा उघडली.

आणि टाटा समाजविज्ञान संस्था, टिस. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवाल्या पोरांना वसतिगृहाची आणि मेसची जी सवलत होती ती काढली. २१ फेब्रुवारी २०१८ पासून विद्यार्थी संघटनेनं संप केला. मुंबईत, तुळजापुरात, हैदराबादेत, गुवाहाटीत. चार गावं, एक मागणी. तुळजापूरचं पोरगं आणि गुवाहाटीचं पोरगं रोज एकमेकांना सांगत होतं, आज इथं काय झालं. रांग म्हणतात ती हीच. तीन राज्यांत पसरलेली, पण रांग.

आता आपल्या यवतमाळचं. जानेवारी २०१९ मध्ये इथं ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं. उधळण्याची धमकी आली आणि आयोजकांनी निमंत्रण मागे घेतलं. बाईंनी भाषण आधीच लिहून पाठवलेलं होतं. मग काय झालं? मांडवात जे वाचू दिलं नाही ते भाषण मराठीत होऊन फोनफोनवर गेलं, वर्तमानपत्रांत छापून आलं. मांडवात जेवढ्यांनी ऐकलं असतं त्याच्या कितीतरी पट लोकांनी वाचलं. पहिल्या दिवशी काही बाया सहगलांचे मुखवटे घालून मांडवात उभ्या राहिल्या. आणि उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी, आपल्याच कळंब तालुक्यातल्या राजूरच्या, नवऱ्यानं शेतीपायी आत्महत्या केलेल्या बाईनं. माईक कुणाच्या हातात द्यायचा हे ठरवणाऱ्यांचा हिशेब इथंच, ह्याच गावात चुकलेला आपण बघितलाय.

आता कामाचं बोलतो. लिहून घ्यायचं असेल तर घ्या.

प्रत्येक कॉलेजात एक टॅलीवाला आणि एक टॅलीवाली नेमा. दोघं, एकट्यावर सोपवू नका. फोनवर साधा फॉर्म करा. विचारायचं एवढंच: कोणता कोर्स, कोणतं वर्ष, कोणती योजना, अर्ज कधी केला, आता कुठं अडकलाय, म्हणजे कॉलेजात, समाजकल्याणमध्ये की बँकेत, आणि रक्कम किती. आधार नंबर मागायचा नाही. जातीच्या दाखल्याचा फोटो मागायचा नाही. ओटीपी तर बापानं मागितला तरी द्यायचा नाही. शिष्यवृत्ती जमा झाली म्हणून खोट्या लिंक येतात, त्यांचाही इशारा संघटनेनं द्यायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करायला सांगायचं. नावं कुलपात, आकडे चव्हाट्यावर. नाव बाहेर पडलं की कॉलेज त्याच पोराला बोलावून दम देतं.

ज्याच्याकडे फोन नाही त्याचं काय? वसतिगृहाच्या भिंतीवर कागद लावा आणि पेन दोरीनं बांधा. सोळा तालुक्यांचा जिल्हा आपला. मारेगाव, झरीकडे नेटवर्क येतं-जातं. तिथं सायकलवर जा, एसटीनं जा, वही घेऊन. कोलाम पोरगी फॉर्म भरू शकली नाही म्हणून तिचं दुःख टॅलीत नाही, असं झालं तर आपण आणि पोर्टल सारखेच.

दर शनिवारी आकडा काढा. कॉलेजनिहाय, दारनिहाय. तेव्हा दिसेल की अमुक कॉलेजातले साठ अर्ज कारकुनाच्याच लॉगिनला पडून आहेत आणि शासनाचं नाव पुढं केलं जातंय. मग प्राचार्याला निवेदन, आकड्यासह. आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय हलायचं नाही. त्या शिक्क्याचा फोटो वेबसाइटवर. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार. दहा रुपये, तीस दिवस. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर मागतात, म्हणून भाषण लिहू नका. विचारा: अमुक वर्षी जिल्ह्याला निधी किती आला, कोणत्या तारखेला आला, कोणत्या तारखेला वाटला, किती अर्ज कोणत्या टप्प्यावर पडून आहेत. आलेलं उत्तर जसंच्या तसं चढवा. त्यानंतरच मोर्च्याची तारीख. तोपर्यंत साहेबाला कळलेलं असतं की ही पोरं नुसती ओरडत नाहीत, मोजतात.

पासवर्ड तिघांकडे ठेवा. दरवर्षी बैठक घेऊन ॲडमिन बदला आणि ठराव वहीत लिहा. ग्रुप एकाच्या नावावर राहिला की तो पुढारी होतो. मग निवडणुका आल्या की अख्खा ग्रुप विकतो. हे आपल्यात होतं, लाजू नका. आणि ग्रुपवर साहेबांचे वाढदिवस, गुड मॉर्निंग, फुलं नकोत. त्याच्यासाठी दुसरा ग्रुप काढा आणि हवं तेवढं फुलत बसा.

बहिणींबद्दल वेगळं बोलतो. ग्रुपमध्ये शंभर पोरं आणि आठ पोरी, त्या आठही गप्प. का गप्प? नंबर बाहेर गेला की रात्री बारा वाजता 'हाय' येतं, आणि ते शत्रूकडूनच येतं असं नाही. असं करणाऱ्याला त्याच दिवशी बाहेर काढा, तो कितीही घोषणा देत असो. ॲडमिनमध्ये निम्म्या पोरी पाहिजेत. आणि अत्याचाराच्या प्रकरणात पीडित बाईचा फोटो, नाव फिरवू नका. कायद्यानंही गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवा, ती आपली बहीण आहे. तिचा देह हे आपलं पोस्टर नव्हे.

भीतीचं बोलायला पाहिजे. मे २०१५ मध्ये शिर्डीत सागर शेजवळ ह्या आपल्या पोराला मारलं, मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून. फोन आपल्या हातात आला हेच त्यांना खुपतं. त्यात आपलं गाणं वाजलं की रक्त मागतात. तेव्हा हे खेळणं नाही. २०१२ साली पालघरच्या दोन पोरींना एका फेसबुक पोस्टपायी अटक झाली. २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ते ६६-अ कलमच रद्द केलं. पोलिसानं आजही ते नाव काढलं तर त्याला ही तारीख सांगा. ग्रुपमध्ये दुसऱ्यानं घाण टाकली म्हणून केवळ ॲडमिन आहे एवढ्यावर ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही, असं आपल्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलंय. इंटरनेटवर जातीवरून केलेली शिवीगाळसुद्धा अॅट्रॉसिटी कायद्यात बसते, असं केरळ उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये म्हटलंय. शिवी आली तर उलट शिवी देऊ नका. तुमची शिवी तेवढी कापून दाखवतात, त्यांची पुसतात. तारखेसह स्क्रीनशॉट घ्या, लिंक जपा, तक्रार करा. आणि रागात येऊन न तपासलेलं काही पुढं ढकलू नका. आपली एक खोटी पोस्ट आपल्या शंभर खऱ्या कागदांना खोटं पाडते.

शेवटचं. लाइक म्हणजे माणूस नव्हे. १४ एप्रिलला सगळा जिल्हा निळा होतो, फोनमध्ये. १५ तारखेला समाजकल्याणच्या दारात किती? नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ ला झाला आणि विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव १४ जानेवारी १९९४ ला लागलं. साडेपंधरा वर्षं. घरं जळाली, माणसं मेली, लोक तुरुंगात गेले, लाँग मार्च निघाला. तेव्हा पोस्टकार्डं होती, भिंतीवर चुना होता, सायक्लोस्टाइल पत्रकं होती. माध्यम दरिद्री होतं आणि माणसं टिकली. आता माध्यम श्रीमंत आहे आणि आपला संताप तीन दिवस टिकतो. पोस्टकार्डवाल्यांकडे एक गोष्ट होती. प्रत्येकाला माहीत होतं की आपल्या मागं कोण उभं आहे आणि पुढं कोण.

तेच परत आणायचंय. पुढच्या शनिवारी पहिला आकडा काढा. तो पन्नास असो की पाच हजार, खरा काढा. भिंतीवर लावा, वेबसाइटवर चढवा, समाजकल्याणच्या टेबलावर ठेवा. पडद्यासमोर एकट्या बसलेल्या त्या पोराला, त्या पोरीला एवढं कळू द्या: तुझ्या पुढं माणसं आहेत, तुझ्या मागं माणसं आहेत. तू रांगेत आहेस. आणि ही रांग वळते.

जय भीम.